फोडलेलं पाकीट

विद्यापीठानं शिक्के मारून चिकटवलेलं, मुलीच्या गुणपत्रकांचं पाकीट मी ब्लेडनं उघडलं. ती दौंडला नर्स आहे आणि जागतिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी अर्ज करतेय. पाकीट बंदच कुरिअर करायचं होतं. मला वाटलं, मार्क एकदा बघावेत आणि लगेच लॅमिनेशनही उरकावं.

शिरूरच्या एसटी स्टँडसमोरचा झेरॉक्सवाला मला कितीतरी वर्षं ओळखतो. तरी चष्मा कपाळावर चढवून "ओरिजिनल कुठाय?" एवढंच विचारतो. तो माणसाकडे बघतच नाही, कागदाकडे बघतो.

तिनं दिलेली अटींची यादी मला अजून उमगलेली नाही. पदवी हवी, अनुभव हवा, नर्स असूनही इंग्रजीची परीक्षा हवी. वर दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं, तीही तिला न दाखवता. जगाच्या आरोग्यात एवढं लपवायचं काय असतं?

झेरॉक्सवाल्यानं मी पुढे केलेली यादी वाचली, पाकीट उलटंपालटं केलं आणि तापलेलं लॅमिनेशनचं मशीन बंद केलं.

"फेविकॉल लावू की," मी म्हणालो.

"न्हाई. शिक्का तुटला की तिकडं चालत न्हाई."

गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी माझ्याकडून नंबर घेऊन त्यानं स्वतःच तिला फोन लावला.

"ताई, वडलांनी पाकीट फोडलंय. मुदतीला आठ दिस हायत. आजच दुसरं मागवा."

पलीकडून रडवेला आवाज आला, "बरं, काका."

"आता मी काय करू?" मी विचारलं.

पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"तुमी? तुमी आता काय बी करू नका."