सकाळचं गवत, संध्याकाळचा दमा

वनस्पतिशास्त्राच्या बाईंनाच गवताचं वावडं, याचं माझ्या विद्यार्थ्यांना फार हसू यायचं. ऐंशी सालानंतरचे ते दिवस. मी धारवाडच्या एका कॉलेजात शिकवत होते आणि आम्ही मळमड्डीत सासूबाईंजवळ राहत होतो.

पावसाळा सरत आला की कॉलेजमागचं माळरान गाजरगवतानं पांढरं व्हायचं. नमुने गोळा करायला मुलांना तिथे नेलं की मला चार शिंका यायच्या, छाती जराशी आवळायची, तासाभरात निवळायची. दम लागायचा तो संध्याकाळी. मग पायरीवर बसून, खांदे उचलून उचलून श्वास ओढायचा.

सासूबाईंनी दोष दुपारच्या दह्यावर ठेवला. धारवाडात राहून मी तीन वर्षं दह्याशिवाय जेवले.

शेवटी हुबळीच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वेगळंच विचारलं. "दुपारी काय खाल्लंत ते राहू द्या, बाई. सकाळी कुठे गेला होतात?"

मी माळरानाचं सांगितलं.

"गवताचा त्रास दोनदा होतो. पहिला लगेच, तो तुम्हाला कळतो. मग आत हळूहळू सूज धरते आणि पाच-सात तासांनी श्वासनळ्या पुन्हा आवळतात. दह्याचा काही गुन्हा नाही."

त्यांनी दोन पंप दिले. एक दम लागल्यावर घ्यायचा. दुसरा सूज धरू नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा, बरं वाटत असलं तरी. मी मान डोलावली. पण आठ दिवसांत काही फरक दिसेना, त्यात सासूबाई म्हणाल्या, "शेजारच्या अक्का सांगत होत्या, पंपाची सवय लागते." मी रोजचा पंप कपाटात ठेवून दिला. पुढच्या झटक्याला घाईघाईत हाताला तोच लागला. पाच-सहा वेळा ओढला, उपयोग शून्य. इंजेक्शन घ्यावं लागलं.

"तहान लागल्यावर विहीर खणलीत," डॉक्टर म्हणाले. रागावले मात्र नाहीत.

या खेपेला सासूबाई सोबत होत्या. त्यांनी सवयीचं थेट कानडीत विचारलं. डॉक्टरांनीही कानडीतच समजावलं: औषध अगदी थोडं, तेही सरळ छातीत जातं; सवय लागत नाही; फक्त नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. झालं. दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा तांब्या घेऊन त्या माझ्यासमोर उभ्या. पंप ओढून होतो न होतो तोच, "बाय् तोळकोंडी?" चूळ भरलीस का? ताटात दहीही पुन्हा आलं.

दोन महिन्यांनी मी मुलांना घेऊन माळावर गेले. शिंका आल्याच. संध्याकाळी पायरीवर बसले. सासूबाई शेंगा सोलायला शेजारी येऊन बसल्या. दोघी कशाची वाट पाहत होतो, ते दोघींनाही ठाऊक होतं. दिवे लागले. शेंगा संपल्या.

"काय गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आई."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे खरंच काही नाही."

त्या हसल्या आणि पदर झटकून उठल्या.

दमा काही गेला नाही, अधूनमधून डोकवायचा. पण पुढच्या वर्षी मी वर्ग घेऊन अळणावरकडच्या रानात गेले. तिथल्या गवतांची अकरा नावं मुलांनी त्या दिवशी वहीत उतरवली.