गिरणीत झोपणारं लेकरू

आमची मुलगी गिरणीच्या आवाजात गाढ झोपायची आणि आम्हाला त्याचं कौतुक होतं. हे कुणाला सांगायला मला आजही जड जातं.

ओतूरला आम्ही राहायचो ती खोली पिठाच्या गिरणीला चिकटूनच होती, मध्ये एका विटेची भिंत. गिरणी मी चालवायचो. गाव माझं परभणीकडचं. सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच. मुकादमाबरोबर डिंभ्याच्या कालव्याच्या कामावर आलो. काम संपल्यावर बरोबरचे सगळे माघारी गेले. मी राहिलो, कारण गिरणीच्या मालकांनी विचारलं, "दळता येतं का?" आणि येत नसताना मी हो म्हणालो. माझी थाप त्यांना पहिल्याच डब्याला कळली असणार. तरी त्यांनी ठेवून घेतलं. गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी कशी घालायची, पट्टा कधी ताणायचा, पीठ अंगठ्यानं चोळून कसं बघायचं, सगळं शिकवलं. लग्न करून बायकोला घेऊन आलो तेव्हा ही मागची खोली दिली. त्यांचे उपकार मी कुठं फेडणार? गावाला मात्र मी शेवटपर्यंत 'पावणं'च राहिलो. दहा वर्षं रोज दळण दळणाऱ्या माणसालाही ते "काय पावणं, झालं का?" असंच विचारायचे.

मुलगी झाली तेव्हा मला एकच धास्ती. लेकरू रात्रंदिवस रडलं, मालकांना त्रास झाला, तर खोली सोडावी लागेल. इथं आमचं दुसरं होतं कोण? बायकोनं लुगड्याची झोळी बांधली. सकाळी आठला मी मोटर चालू केली की भिंत थरथरायची, ताटं फळीवर नाचायची आणि झोळीतलं लेकरू डोळे मिटायचं.

दळणाला आलेल्या बाया दारातून डोकावून बघायच्या.

"पावणं, पोरगी लई गुणाची हाय तुमची. आमचं कार्टं, वाटी पडली तरी घर डोक्यावर घेतंय."

"गिरणीतच जल्मली, तिला काय त्याचं."

बायको लाजून हसायची. संध्याकाळी मीठ-मोहरी घेऊन तिची दृष्ट काढायची. मी मनातल्या मनात हात जोडायचो, की असं शहाणं लेकरू आपल्या वाट्याला आलं.

गंमत अशी की मोटर बंद झाली की ती लगेच जागी व्हायची. दुपारी लाईट गेली, पट्टा थांबला, की झोळी हलायला लागायची. म्हणजे तिला ऐकू येत होतं असंच आम्ही धरून चाललो. दुसरं काही मनात येण्याचं कारणच नव्हतं.

ती दोन वर्षांची होत आली होती. गिरणीसमोर रस्त्याच्या कडेला सांडलेली ज्वारी वेचत बसली होती. मागून उसाचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, परत दिला, मग हॉर्नवरचा हात काढलाच नाही. ती आपली एकेक दाणा मुठीत घेत होती. त्यानं ब्रेक मारला, खाली उतरला आणि माझ्यावर ओरडला, "पावणं, पोरगी बहिरी हाय का काय?"

तो रागानं बोलला होता. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. मी तिला उचललं आणि म्हणालो, "खेळात दंग होती हो."

पण त्या दिवसापासून मी ताट वाजवायला लागलो. ती पाठमोरी बसली की मागं जायचं आणि पळीनं स्टीलच्या ताटावर एक ठोका द्यायचा. कधी मान वळायची. मग मी दिवसभर हलका असायचो. कधी वळायची नाही, मग भाकरी गोड लागायची नाही. पौर्णिमेला आम्ही बुद्धविहारात जायचो. वंदना संपली की सगळे मिळून "साधू, साधू, साधू" म्हणतात, तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले असत. माझे उघडे. मी तिच्या मानेकडं बघत असायचो.

शेवटी मालकच म्हणाले, "पुण्याला दाखवून आण. गिरणी मी बघतो."

पुण्याच्या दवाखान्यात तिला एका खोलीत बसवलं. चारी भिंतींना मऊ कापड लावलेलं, दार बंद केलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. मला तिथं बसवेना. तिच्या डोक्यावर यंत्र चढवलं, आणि ती त्याच्या वायरशी खेळत बसली. बाई डॉक्टर होत्या, चांगल्या होत्या. कागद समोर धरून त्यांनी सांगितलं, दोन्ही कानांनी नाही. जन्मापासूनच असावं.

मी विचारलं, "गिरणीच्या आवाजानं झालं का?"

"तसं म्हणता येत नाही."

"बायको माझ्या मामाची मुलगी आहे. त्यानं झालं का?"

"असूही शकतं, नसूही शकतं. नक्की नाही सांगता येणार."

मी आणखी चारदा विचारलं. काहीतरी माझ्याकडून झालं असतं तर ते धरून तरी बसलो असतो. त्यांनी तेवढाही आधार दिला नाही. पुढं कानाला लावायचं मशीन मिळालं. ते गिरणीजवळ आलं की चिरकायचं आणि मुलगी ते ओढून काढून माझ्या हातात आणून द्यायची, एखादी चुकून सापडलेली दुसऱ्याची वस्तू द्यावी तसं.

मालकीणबाईंनी ऐकलं होतं की तळेघरच्या वर एका वाडीत एक म्हातारा कानाला पाला देतो. बायको म्हणाली, "आपल्यात नवस नसतो. पण औषधाला काय?" मी लगेच तयार झालो. जुन्नर, घोडेगाव करत डिंभ्यापर्यंत आलो. तिथं पुढची गाडी दोन तास नाही. ज्या कालव्यावर मी पाट्या वाहिल्या होत्या त्याच्या कठड्यावर बसून आम्ही तिला शेंगा सोलून दिल्या. तळेघरला उतरून पुढं तास-दीड तास पायी. भाताच्या खाचरांच्या बांधावरून मी तिला खांद्यावर घेऊन चाललो होतो.

म्हातारा अंगणात काथ्या वळत बसला होता. त्यानं कान बघितले. मग तिच्या मागं जाऊन जोरात टाळी वाजवली. ती हलली नाही. मग तो खाली बसला आणि हाताचा पंजा सारवलेल्या जमिनीवर आपटला. ती वळली.

"आसं व्हय," तो म्हणाला. "ही भुईचं ऐकती. कानाचं न्हाई."

मी म्हणालो, "गिरणी बंद झाली की जागी व्हायची हो."

"भुई हालायची थांबली म्हणून. पाळणा थांबला की लेकरू उठतंय, तसं."

माझ्या ताटावर कधीमधी तिची मान का वळायची, तेही मला तिथं कळलं. त्या वेळी मी फरशीवर गुडघा टेकून ठोका दिलेला असायचा.

"पाला द्या की बाबा," बायको म्हणाली.

"ह्याला माज्याकडं पाला न्हाई, बाय. आसता तर दिला आसता. उगी कायतरी चोळून तुमाला चार खेपा कशाला घालायला लावू?"

त्याच्या सुनेनं आम्हाला नाचणीची भाकर आणि कालवण वाढलं. अशी नाही म्हणणारी माणसं मी फार बघितली नाहीत. त्याचे मी आज आभार मानतो. त्या दिवशी मात्र मला त्याचा राग आला होता. खोटं का होईना, एक बाटली दिली असती तर महिनाभर आशेवर गेला असता. परतीची गाडी चुकली. आम्ही रस्त्यानं चालत राहिलो. अर्ध्या वाटेत जीप मिळाली.

एवढं होऊन मी थांबलो का? नाही. डॉक्टरांनी सांगितलं, म्हाताऱ्यानं सांगितलं, तरी ताट सुटलं नाही. फक्त आता बायको पाण्याला गेली की वाजवायचो, आणि गुडघा उचलून. मुलगी चार वर्षांची झाली. कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं, "बोलंल उशिरा. आमच्यात उशिरानंच बोलतात." आमच्यात कुणीच उशिरा बोललं नव्हतं.

एक दिवस बायको हंडा घेऊन लवकर परत आली. दारात उभी राहून तिनं बघितलं. हंडा खाली ठेवला.

"काहून वाजवता?"

मी पळी पाठीमागं घेतली.

"तिला नाही ऐकू येत. मला येतं ना. मी विहिरीपर्यंत ऐकते ते, रोज."

ती भांडली नाही. हंड्यातलं पाणी माठात ओतायला लागली. मला वाटत होतं मी हे एकटाच करतोय. तिच्या कानावर रोज पडत होतं आणि ती रोज मुद्दाम वेळ लावून येत होती, माझं होऊ द्यावं म्हणून. माझ्या हातून पळी ठेवली गेली. मनाचा निर्धार वगैरे काही नव्हता. लाज वाटली, एवढंच.

त्यानंतर मुलगी गिरणीतच जास्त वेळ असायची. आता गिरणी चालू असताना कुणाला कुणाचं काय ऐकू येतं? मी धान्याच्या पेटीजवळ, गिऱ्हाईक दाराशी. बोलणं सगळं हातानं. तर्जनी-अंगठा चोळला की बारीक दळा. मूठ उघडून बोटं पसरली की भरड. हात आडवा हलवला की यात दुसऱ्याचं पीठ मिसळू देऊ नका. हे सगळं तिनं कधी उचललं मला कळलंच नाही. मळ्यातली एक म्हातारी नाचणी घेऊन यायची, ती आता माझ्याकडं बघायचीच नाही. पोरीला बोटं चोळून दाखवायची, पोरगी डबा ओढत माझ्यापाशी आणायची आणि मला बोटं चोळून दाखवायची.

म्हातारी एकदा जाताना माझ्या कानाशी ओरडली, "तुमच्यापरीस हिला लवकर समजतंय, पावणं. तुमी डबं आदलाबदल करता."

मी हसलो. पण माझ्या जिवाला त्यानं थंडावा मिळाला असं मी लिहिणार नाही, कारण दिवसातून चार-पाच तास लाईट जायची. लाईट गेली की पट्टा फडफडत थांबायचा, आणि त्याच क्षणी दारातली सगळी माणसं तोंडानं बोलायला लागायची. कुणाचं लग्न ठरलं, टोमॅटोला बाजार काय, कुणाची सून माहेरी गेली. हात सगळ्यांचे खाली. पोरगी मध्ये उभी राहून एकदा या तोंडाकडं, एकदा त्या तोंडाकडं बघायची. तिला जमीन थांबल्याचं कळायचं. माणसं कुठं गेली ते कळायचं नाही. मी तिथंच असायचो, आणि मला तिच्यासाठी काही करता यायचं नाही. मोटर चालू करणं माझ्या हातात नव्हतं, आणि असतं तरी किती वेळ पुरलं असतं?

अशाच एका दुपारी लाईट गेलेली. गावात नवीन बदली होऊन आलेल्या एक बाई गव्हाचा डबा घेऊन आल्या. पोरगी दाराशी उभी होती. बाई वाकून म्हणाल्या, "काय गं, नाव काय तुझं?"

पोरगी त्यांच्या ओठांकडं बघत राहिली.

"लाजतेस होय? सांग की."

माझ्या तोंडात नेहमीचं वाक्य आलं होतं. आमच्यात उशिरानंच, वगैरे. ते पुढं सरकेना. मी म्हणालो, "तिला ऐकू येत नाही. जन्मापासून."

पोरगी पाच वर्षांची झाली, आणि मी हे पहिल्यांदा बोललो. मला वाटलं होतं, हे बोललो की आतलं काहीतरी तुटेल, मी दारात रडत बसेन, लोक बघतील. तसं काही झालं नाही. बाई "हो का," म्हणाल्या, पोरीकडं बघून हसल्या आणि डबा सावलीला सरकवून पायरीवर बसल्या. थोड्या वेळानं पोरगी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिथं जागा होती म्हणून.

तिचं पुढं कसं होणार, शाळा कुठली, आमच्यानंतर कोण, ही काळजी माझ्या उशाशी तेव्हाही होती आणि आजही आहे. ती काळजी जात नाही, आणि आता मी तिला जा म्हणत नाही. फक्त पोरीच्या मानेकडं बघत राहणं त्या दुपारी संपलं.

लाईट अचानक आली तर पट्टा हिसका देतो, म्हणून मी मोटरीचं बटण बंद करून ठेवलं. हाताचं पीठ झटकलं आणि पायरीवर त्या दोघींच्या खालच्या अंगाला बसलो. करण्यासारखं काही नव्हतं.