सहीला माणूस हवा

आमचे हे लग्नाला पाहुणे म्हणून गेले तरी तासाभरात पंगतीत वाढायला लागतात. बारशाला गेले तर पाळण्याची दोरी हेच बांधणार. एकदा कुणाच्या तरी वडिलांच्या दहाव्याला गेले आणि भटजींना रिक्षाने घरी सोडून, केटररची भांडी मोजून परत देऊन संध्याकाळी उगवले. मी विचारलं, "अहो, ते नक्की कोण होते आपले?" तर म्हणाले, "देवरामच्या साडूंचे वडील. बिचाऱ्यांकडे धावपळीला माणूस नव्हता गं." देवराम म्हणजे यांच्या कंपनीतला हमाल. आता बोला!

मधुकर हे यांचं नाव, पण सगळं जग यांना मधुकाका म्हणतं. मानपाड्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. तिथे म्हणे एक बोल्ट जागचा हललेला यांना चालायचा नाही. रिटायर झाले आणि दुसऱ्यांची घरं हेच यांचं स्टोअर झालं. स्वतःच्या घरातला गळका नळ मात्र मी तीनदा सांगितल्यावर बघतात. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात अख्खा जन्म गेला यांचा.

मी चित्रा, यांची बायको. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही, आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. बिल्डिंग बांधली तेव्हा आम्ही सगळेच तरुण होतो, कुणाला काय पडलेलं? गेल्या वर्षी मी बाजारातून येताना दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात अडकले. ना वर जाता येईना, ना खाली. गुडघे असे काही धरले की मी पायरीवर बसून लहान पोरीसारखी रडले. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, हृदयाचे डॉक्टर म्हणतात नको. तेव्हापासून मी खाली जाणं बंद केलं. भाजीसाठी दोरीला पिशवी बांधून सोडते आणि वरून ओरडते, "कोथिंबीर बघून दे रे!" समोरच्या देवळातली आरती ऐकू येते, पण देव दिसत नाही.

म्हणून घर बदलायचं ठरलं. मला हवा-उजेड, मोठं किचन काही नको होतं. मला लिफ्ट हवी होती. आपल्या पायांनी खाली जाऊन देवळाच्या पायरीवर बसायचं आणि पुन्हा घरी यायचं, एवढंच.

आमची मृणाल ठाण्याला असते. तिच्या घराजवळ, टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत हे एक जागा बघून आले. चौथा मजला, वन रूम किचन. "आपल्या दोन खोल्यांपेक्षा लहान आहे," हे म्हणाले, "पण लिफ्ट आहे."

"चालू आहे ना?"

"जराशी बंद आहे."

"जराशी म्हणजे?"

"म्हणजे... दोन वर्षं."

मी कपाळावर हात मारला. हे म्हणाले, "अगं, होईल चालू. मालक म्हणाले ना." मालक म्हणजे उत्तम घाग. बायको, मुलं आणि म्हातारी आई असं घर. ते सगळे टिटवाळ्याला जाणार होते. इतकी नाक्यावरची जागा सोडून टिटवाळ्याला कशाला, असं मी विचारलं, तर हे म्हणाले, "व्यवहारात असं विचारायचं नसतं." बरं, नाही विचारत. टोकन दिलं, मृणालने बँकेत लोनचे कागद टाकले, आणि मला वाटलं, दिवाळी नव्या घरात.

कशात काय आणि फाटक्यात पाय! बँक म्हणाली, सोसायटीची एनओसी आणा. एनओसी म्हणजे, हे घर विकायला आमची हरकत नाही असं सोसायटीने लिहून द्यायचं. त्यावर सेक्रेटरीची सही लागते. मी म्हटलं, मग घ्या की सही. तर सेक्रेटरी मुलाकडे नाशिकला कायमचे राहायला गेलेले. चेअरमनने पार्किंगवरून भांडून राजीनामा दिलेला. आणि खजिनदार?

"ते वारले," हे म्हणाले.

"मग सही कोण करणार?"

"तोच तर प्रश्न आहे. सहीला माणूसच नाही."

मला काही कळेना. अख्ख्या बिल्डिंगमध्ये इतकी माणसं राहतात, आणि सहीला माणूस नाही? लिफ्टचंही तेच रडगाणं. पैसे बँकेत पडलेले, पण दुरुस्तीच्या चेकवर सही करायला कमिटी नाही. कमिटी नाही कारण सभा नाही. सभा नाही कारण बोलवायची कुणी? मी रात्री डोळे मिटले की हे सगळं डोक्यात भोवऱ्यासारखं फिरायचं. आणि उत्तमराव तर रोज सकाळी फोन करायचे, "काकू, काका निघाले का? जरा लवकर झालं तर बरं हो, आम्हाला टिटवाळ्याची जागा हातची जायला नको." म्हणजे घर विकणार ते, घाई त्यांना, आणि पळणार कोण? आमचे हे!

दुसऱ्या कुणी टोकन परत मागितलं असतं. यांच्या डोळ्यांत मात्र चमक आली. दुसऱ्याची बिघडलेली सोसायटी म्हणजे यांना पक्वान्नच. रोज डबा घेऊन ठाण्याला. निबंधकांच्या ऑफिसात जाऊन नियम विचारून आले. मग घरोघर फिरले. "सेक्रेटरी व्हाल का?" म्हटलं की लोक दार लोटून घ्यायचे. एक म्हणाला बीपी आहे, एक म्हणाला बायको नको म्हणते, एकाने तर यांनाच विचारलं, "काका, तुम्हीच का नाही होत?" हे म्हणाले, "मी अजून इथला नाही हो." तरी त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यांना कुणीतरी घेतलंच. 'मधुकाका डोंबिवली' या नावाने. टाकीत पाणी नाही, गुरखा आला नाही, कचरा उचलला नाही, सगळं यांच्या फोनवर टुंग टुंग वाजायचं. मी एकदा ओरडलेच, "अहो, घर तरी आपलं झालंय का? बाजारात तुरी आणि तुम्ही कुणाला मारताय?"

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या देवयानी म्हणून एक बाई तयार झाल्या. कॉलेजात शिकवतात. त्यांची अट एकच, सही मी करीन, पळापळ काकांनी करायची. झालं! सभा भरली खाली पार्किंगमध्ये. यांनी खुर्च्या भाड्याने आणल्या. सभेत बाहेरच्याला बसता येत नाही, म्हणून हे चहाच्या थर्मासपाशी उभे राहिले आणि तिथून सगळं ऐकत होते. कमिटी झाली. देवयानीबाई सेक्रेटरी.

त्या संध्याकाळी मी गोडाचा शिरा केला. "आता एनओसी?"

"मिळेल," हे म्हणाले.

आठवडा गेला. दुसरा गेला. मी म्हटलं, "बाई सही करत नाहीत का?"

"करतील गं."

"मग घोडं कुठे पेंड खातंय?"

हे उठून बाथरूममध्ये गेले आणि उगाच नळ सोडून ठेवला. यांचं हे मला चांगलं माहीत आहे, सांगायचं नसलं की हात धुवायला जातात. मला वाटलं, त्या बाई पैसे मागत असतील. किंवा यांनी कुणाशी तरी भांडण केलं असेल. काय समजायचं माणसाने? मृणालला विचारलं तर तीही म्हणाली, "आई, मलाही काही कळत नाहीये. बाबा म्हणतात थांब."

मग एक दिवस हे पेढे घेऊन आले. लिफ्ट सुरू झाली होती. नवा दोर, नवी बटणं, आत आरसासुद्धा. यांनी माझ्यापुढे फोन धरला. फोटोत लिफ्टचं दार उघडं होतं आणि आत हे उभे, छाती काढून. पाठोपाठ दोन दिवसांत एनओसी आली. मी साड्यांचा गठ्ठा बांधायला घेतला. आता राहिला फक्त करारनामा. रजिस्ट्रेशनचा दिवस ठरवायचा आणि सह्या करायच्या.

आणि उत्तमरावांचा रोजचा फोन बंद झाला.

आधी म्हणाले पितृपक्ष आहे. बरं, पितृपक्षात आपणही नको म्हणालो असतो. तो संपला, तर म्हणे शेअर सर्टिफिकेट सापडत नाही. ते सापडलं, तर बहिणीची सही हवी. बहिणीचा तर आजवर कुणी उल्लेखही केला नव्हता! मग ताप आला. मग हे फोन करतायत आणि तिकडून नुसती रिंग. जो माणूस रोज सकाळी घाई करायचा, त्याला सगळं जुळून आल्यावर झालं काय? यांचा तर चेहराच उतरला. ग्रुपवर टुंग वाजलं तरी बघेनात.

मृणाल म्हणाली, "आई, तूच चल. तुझ्या तोंडावर खोटं बोलणार नाहीत ते."

उतरायला मला किती वेळ लागला ते नका विचारू. एका बाजूला मृणाल, एका बाजूला हे, आणि मी देवाचं नाव घेत एकेक पायरी. खाली आल्यावर पहिल्यांदा देवळाकडे बघून हात जोडले. मग टॅक्सीने ठाणे.

त्या बिल्डिंगच्या दारात एक म्हातारी खुर्ची टाकून मेथी निवडत बसली होती. आजूबाजूला दोघी-तिघी बायका, गप्पा रंगलेल्या. हे आणि मृणाल टॅक्सीवाल्याशी सुट्या पैशांवरून हुज्जत घालत होते. मी भिंतीला धरून धापा टाकत उभी होते. म्हातारीने लगेच बाजूची खुर्ची ओढली.

"बसा हो ताई. गुडघे का? माझंही तेच. पण घाबरू नका, लिफ्ट चालू आहे."

मी बसले. ती बोलतच होती. "दोन वर्षं मी चौथ्या माळ्यावर नुसती कोंडून होते. नाक्यावर देवी बसते, एवढी गर्दी, एवढे ढोल, आणि मी खिडकीतून हात जोडायची. मला म्हणून पोरानं टिटवाळ्याला तळमजला बघितला होता. पण डोंबिवलीचे कोणी काका आले, सोन्यासारखा माणूस, त्यांनी लिफ्ट चालू करून दिली. आता मी पोराला सांगितलंय, मी कुठे जात नाही. माझ्या मैत्रिणी इथं, देवी इथं. ह्या वयात टिटवाळ्याला माझं कोण आहे?"

मेथीच्या काड्या तिच्या मांडीवरून खाली पडत होत्या. तेवढ्यात हे आले, आणि म्हातारी ओरडली, "अगोबाई, हेच ते काका!" आणि चक्क यांच्या पाया पडायला उठायला लागली. त्या उत्तमरावांच्या आई होत्या. गंगुबाई.

आरडाओरडा ऐकून उत्तमराव खाली आले. आम्हाला बघून त्यांचा चेहराच पडला. "काका, तुमच्यासमोर यायला तोंड नव्हतं हो माझं. आईला रोज समजावतो, ऐकतच नाही. टोकन उद्याच परत करतो." मृणाल चिडली, "अहो, पण सांगायचं ना! आमचे बाबा तीन महिने—" यांनी तिचा हात दाबला.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण कुणाचा आला होता तेच कळेना. उत्तमरावांचा? आईसाठी घर विकायला काढलं, आईसाठीच थांबवलं. गंगुबाईंचा? मी त्यांच्या जागी असते तर खुर्ची घट्ट धरून बसले असते.

लिफ्टमधून देवयानीबाई उतरल्या. यांनी ओळख करून दिली तशा त्या माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काकू, तुम्हीच का? तुमच्यामुळे आमची लिफ्ट सुरू झाली बरं का."

"माझ्यामुळे कशी?"

"मी सभेच्या दुसऱ्याच दिवशी एनओसी देत होते. काकाच म्हणाले, ती राहू द्या, आधी लिफ्टच्या चेकवर सही करा. एकदा माझं काम झालं की लिफ्टच्या मागे कुणी लागणार नाही, आणि आमच्या हिला चार मजले चढता येणार नाहीत."

हे वर बघत होते. कुठे, तर पार्किंगच्या पत्र्याकडे.

चहाला वर या, म्हणून घागांनी फार आग्रह केला. मी गेले. लिफ्टमध्ये बसायला छोटं स्टूल ठेवलेलं, आरसा होता. खोली छान होती. खिडकीतून नाका दिसत होता. मी चहा प्यायले, बरं आहे घर म्हटलं, आणि निघालो.

डोंबिवलीला आलो तेव्हा दिवे लागले होते. मृणालला ठाण्यालाच सोडलं होतं. आम्ही दोघं जिना चढायला लागलो. पहिल्या मजल्यावर मी टेकले आणि दिवसभराचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. "अहो, ती बाई एनओसी देत होती ना? घ्यायची होती ना हातात! सह्या झाल्या असत्या, घर आपलं झालं असतं, मग लावायची होती लिफ्ट का विमान. इतकी वर्षं लोकांच्या भाकऱ्या भाजल्यात, एकदा तरी आपली भाजायची!"

हे भिंतीला टेकून उभे होते. दमलेले. म्हणाले, "घेतली असती गं. पण लिफ्ट नसती सुरू झाली, तर तू वर कशी गेली असतीस?"

मी अजून भांडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण रडूच यायला लागलं, म्हणून पदराने डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"धरा मला," मी म्हटलं. "अजून दोन मजले आहेत."