ठकूचे कान

ठकू म्हणजे माझी नणंद. कित्येक वर्षं दवाखान्यात आया म्हणून राबली आणि मग एक दिवस डोक्यात घेतलं, परिचारिकेचं लायसन्स काढायचं. काढ बाई, पण सराव आमच्यावर! माझा धडधाकट पाय बँडेजमध्ये. रोगी पलंगावर असताना चादर कशी बदलायची ते शिकायचं, म्हणून माझा नवरा सुट्टीची अख्खी दुपार या कुशीवरून त्या कुशीवर. इंजेक्शनच्या सरावासाठी संत्र्यांना तर इतक्या सुया टोचल्या की खायची सोय उरली नाही.

रक्तदाब मात्र ती बाबांचाच मोजायची. बाबा म्हणजे माझे सासरे. कोपऱ्यावर त्यांचं कुलूप दुरुस्तीचं आणि किल्ल्यांचं दुकान. दुकानात जाण्याआधी चहा पिऊन झाला की ते हात पुढे करायचे. पहिल्याच दिवशी आकडा एकशेऐंशीच्या वर. ठकू गोरीमोरी झाली. पुन्हा मोजलं, तेच. बाबा खो खो हसले.

"अगं, मला काय धाड भरलीय? तू आधी तुझे कान तपासून घे!"

तिलाही ते पटलं. दुकानाचं शटर एका हाताने वर लोटणारा माणूस, कधी साधं डोकं दुखलं म्हणून बसला नाही. आणि या पोरीला स्वतःवर भरवसा होता कधी? पट्ट्यातली हवा सोडताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा; पण ते पहिले ठोके म्हणजे पट्टा घासल्याचा आवाज असेल, असं धरून ती पुढचे मोजू लागली. मग आकडा पुस्तकातल्यासारखा यायला लागला. "आज बरोबर आलं, वहिनी," असं रोज मला सांगायची, खूश होऊन.

महिनाभरात बाबा दुकानातच कोसळले, हातात कानस आणि अर्धी घासलेली किल्ली. उजवं अंग लुळं पडलं, बोलणं एखाददुसऱ्या शब्दावर आलं. डॉक्टर म्हणाले, "दाब बरेच दिवस वाढलेला असणार. घरात कुणी मोजला नाही कधी?"

भांडी घासता घासता ठकूने मला सगळं सांगितलं. "मला ऐकू येत होतं, वहिनी. रोज येत होतं. मी सोडून दिलं." परीक्षेला बसणार नाही म्हणाली. माझं टाळकंच सटकलं.

"मग काय, जन्मभर या मोरीपाशी रडत बसणार? निस्तर आता! आणि आधी बाबांना सांग."

ते काही तिच्याने होईना. त्यांना भरवायची, कूस बदलायची, अंग पुसायची, पण त्यांच्या नजरेला नजर देत नव्हती. रक्तदाबाचं यंत्र कपाटावर मागे सरकवून ठेवलं होतं.

परीक्षेला गेली ती मी हाताला धरून नेलं म्हणून. प्रात्यक्षिकाला समोर एक हसतमुख, तगडा माणूस बसवला होता. ठकूने त्याचा रक्तदाब मोजून सांगितलं, एकशे शहात्तर. परीक्षक बाईंनी भुवया उंचावल्या. "इतका? पुन्हा बघा." ठकूने पट्टा परत आवळला. पुन्हा बघितलं.

"तेवढाच आहे, बाई. पहिल्या ठोक्यापासून मोजलाय."

बाईंनी स्वतः मोजून पाहिला आणि मान डोलावली. "कान चांगले तयार आहेत हो तुमचे." झालं! ठकू तिथेच हमसाहमशी रडायला लागली. पास झाल्याचा आनंद असेल, असं बाईंना वाटलं.

घरी आली ती थेट बाबांच्या पलंगाशी. पहिल्या दिवशी एकशेऐंशी आला तेव्हाही ठोके नीट ऐकू येत होते, इथपासून सगळं सांगून टाकलं, एका दमात. मी दारातच थबकले. बाबांनी डावा हात कसाबसा उचलला आणि तिचा कान धरला, लहानपणी धरायचे तसा.

"पिळा," ती म्हणाली. "पिळा ना, बाबा."

त्यांनी पिळला नाही. ओठ बराच वेळ नुसते हलत राहिले.

"हसलो," बाबा म्हणाले. "मी... हसलो."