मुलीचा बायोडाटा

माझ्या मुलीचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या बिल्डिंगचं, तिच्या ऑफिसचं, माझ्या माहेरच्या गावाचंही नाही. एकदा सगळं लिहून बसले आहे, तेवढं पुरे झालं. मुंबईत नाहूरला राहतो एवढं सांगते. नाहूरला माणसं काय कमी आहेत?

मुलीला सव्वीस पूर्ण झाली आणि त्याच सुमारास आमच्या गाववाल्यांच्या मंडळाने फोनवर वधू-वरांचा ग्रुप काढला. मी तिचा बायोडाटा करायला बसले. नमुना आयता मिळतो, वर गणपती, खाली रकाने. मी एकही रकाना रिकामा सोडला नाही. फॉर्म दिसला की पूर्ण भरायचा, ही माझी शाळेपासूनची खोड. जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, रास, नाडी, देवक. ऑफिस कुठे, पद काय. पत्ता विंग आणि मजल्यासह. मामांचं आडनाव आणि गाव, कारण आमच्याकडची माणसं आधी तेच विचारतात. ह्यांच्या नंबराखाली मुलीचाही नंबर टाकला, म्हणजे मुलाला थेट बोलता येईल. घर पुढारलेलं वाटायला हवं ना!

मुलगी म्हणाली, "आई, फोटो आणि शिक्षण तेवढं टाक. बाकीचं कोणी विचारलं तर बघू."

"अगं, लोकांना वाटेल आपण काहीतरी लपवतोय," मी म्हटलं, आणि ती कामाला गेल्यावर होता तसा पाठवून दिला. संध्याकाळपर्यंत आठ-दहा जणांचे नमस्कार आले. मी खूश.

दीडेक महिन्याने तिला एका माणसाचे फोन यायला लागले. स्थळाबद्दल एक शब्द नाही. आज कुठला ड्रेस घातलास, किती वाजता सुटतेस, असलं काहीतरी. ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरावरून. एकदा त्याने तिला तिची जन्मवेळ सांगितली, मिनिटासकट. ती वेळ प्रसूतिगृहातल्या नर्सने भिंतीवरच्या घड्याळात बघून मला सांगितली होती आणि मी ती इतकी वर्षं जपून ठेवली होती.

मग तिचा ईमेल त्याच्या हातात गेला. पासवर्ड विसरलात तर विचारायचा म्हणून तिने कॉलेजात असताना एक प्रश्न निवडला होता, आईचं माहेरचं आडनाव काय. ते मी गणपतीखाली ठळक अक्षरांत छापून वाटलं होतं. मेलमध्ये मैत्रिणींबरोबरच्या सहलीचे फोटो होते. ते घाणेरडे करून त्याने तिच्या ऑफिसातल्या सगळ्यांना पाठवले.

मी तिच्या खोलीत गेले तेव्हा ती कपाटातले कपडे बॅगेत भरत होती. रडत नव्हती. "आई, तो माझं काही चोरत नाहीये गं," ती म्हणाली. "तू दिलेलंच वाचून दाखवतोय." ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पोलिसांत तक्रार दिली. तिथला साहेब सभ्य होता. "मॅडम, हे किती जणांकडे गेलंय?" त्याने विचारलं. एकाच ग्रुपवर टाकलं होतं, असं मी सांगितल्यावर तो खाली बघून लिहीत राहिला. तपास अजून चालू आहे.

मग मी वेड्यासारखी त्या कागदाच्या मागे लागले. मंडळाच्या सेक्रेटरींनी ग्रुपवरून काढला, पण तोवर तो चारकोपच्या ग्रुपवर पोचला होता, तिथून आणखी कुठे कुठे. मी अनोळखी माणसांना फोन करून हात जोडत होते. काढा म्हटलं की सगळे कारण विचारायचे. खरं सांगावं तर पोरीची बदनामी, लग्न ठरलं म्हणावं तर लोक पेढे मागायचे. गावाला जाऊबाईने तर भावकीत सगळ्यांना पाठवला होता. "कित्याक काढूक सांगतस गो? चार जाग्यार गेलो तर बराच मां!" ती म्हणाली. बिचारीचं काय चुकलं? तरी मी तिच्यावर नको नको ते बोलले.

मुलीने नंबर बदलला, नोकरी बदलली. ह्यांनीही नंबर बदलला. आता ती मैत्रिणींबरोबर राहते. कुठे ते ह्यांना माहीत आहे, मला नाही. "कोणी गोड बोललं की तू सांगून टाकशील गं आई," जाताना ती म्हणाली. काळजाला घरं पडली माझ्या, पण खरं होतं ते. रविवारी ती ह्यांच्या फोनवर बोलते, मग दोन मिनिटं मला देतात. मी जेवलीस का विचारते. कुठे जेवलीस ते विचारत नाही.

गेल्या आठवड्यात मी पिठाच्या गिरणीत बाकावर बसले होते. शेजारी एक बाई, हसऱ्या चेहऱ्याची, डबा मांडीवर घेऊन. तिने फोन माझ्यापुढे धरला. "ताई, तुम्ही इथल्याच ना? हे स्थळ भाच्यासाठी आलंय. इथलाच पत्ता आहे, पण दोन्ही नंबर बंद लागतात. ओळखता का यांना?"

आधी गणपती दिसला. मग हिरव्या साडीतली माझी मुलगी. केसांतला गजरा मी माळलेला.

"थोडी तुमच्यासारखीच दिसते की," बाई म्हणाली.

पूर्वीची मी असते तर तिला तिथून उठवून घरी चहाला नेलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "मी नाही ओळखत."

"छान आहे हो मुलगी."

"हो," मी म्हटलं.

माझं दळण झालं होतं. गरम डबा कडेवर घेतला आणि लांबच्या रस्त्याने निघाले. आमच्या बिल्डिंगचं नाव तिच्या फोनमध्ये होतं, आणि मी त्याच गेटातून आत शिरताना तिने मला बघायला नको होतं.