बोटांनी पाहिलेली टर्की

लग्नानंतरचा माझा पहिला नाताळ जवळ आला, तेव्हा सासऱ्यांशी माझं धड बोलणंही सुरू झालं नव्हतं. आमचं घर राहुरीला. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. नवरा साखर कारखान्यात. गळीत हंगाम सुरू झाला की तो घरी फक्त झोपायला यायचा. दिवसभर घरात मी आणि पप्पा, म्हणजे सासरे. त्यांनी उभं आयुष्य नगरला मिशनच्या एका बंगल्यावर स्वयंपाक केला होता. आता काचबिंदूने नजर जवळजवळ गेली होती. अंगणात खुर्ची टाकायची आणि ऊन सरकेल तसं सरकत राहायचं, हा त्यांचा दिवस.

एका सकाळी चहा घेता घेता ते एकदम म्हणाले, "बंगल्यावर दर नाताळला मी टर्की भाजायचो. घरच्यांना कधी खाऊ घातली नाही. या वर्षी करायची का?"

मी टर्की फक्त चित्रात पाहिलेली. मी बौद्ध घरातली. आमच्याकडे पाहुणे आले की गावरान कोंबडी, तेवढंच मला ठाऊक.

"करू या की. पण मिळणार कुठे?"

"सोनईच्या पुढे एक बाई पाळते म्हणतात. चल माझ्याबरोबर."

सोनई म्हटल्यावर मी कप खाली ठेवला. तिथून माझं माहेर अगदी जवळ. लग्न माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या, मनाविरुद्ध झालं होतं. ते लग्नाला आले नाहीत आणि नंतर फोनवरही आले नाहीत. आई तेवढी अधूनमधून हळू आवाजात बोलायची.  पप्पांना हे सगळं माहीत होतं.

ओळखीच्या माणसाच्या रिक्षातून आम्ही निघालो. धुकं अजून उठलं नव्हतं. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाला तुरे आलेले; पांढरे तुरे धुक्यात असे मिसळले होते की शेत कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. पप्पा म्हणाले, "काय दिसतंय?" मी म्हटलं, "काहीच नाही, सगळं पांढरं." ते हसले. "मग आज आपण दोघं सारखेच."

त्या बाईची वस्ती रानात होती. पत्र्याच्या शेडपुढे, गुरांच्या घासाच्या वाफ्याकडेला, ते पक्षी फिरत होते. मी जागीच थांबले. काळ्या पिसांवर तांब्याची झाक, निळं उघडं डोकं, गळ्याशी लाल झोळ. एका नराने शेपटीचा पंखा उघडला आणि पंख जमिनीला घासत तो माझ्याभोवती फिरू लागला. तेवढ्यात रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून गेला, आणि सगळ्या नरांनी एकदम, एका सुरात गुडगुडून त्याला ओ दिली. मला वाटलं, आपण जागे नाही आहोत.

"भिऊ नका ताई, काय करीत न्हाई त्यो," बाई म्हणाली. "कांद्याची पात टाकली का मागं मागं येतो लेकरावानी."

"हाच घेऊ या," मी म्हटलं. सगळ्यांत मोठा आणि देखणा होता.

पप्पांनी हात पुढे केले. बाईने त्याला पंखांसकट कवेत धरून जवळ आणलं. पप्पांनी आधी पाय चाचपले. "ही नखी बघ. पायामागची. लांब आणि टणक. हा म्हातारा आहे, माझ्यासारखा. दिवसभर शिजवलास तरी मऊ व्हायचा नाही."

बाई हसली. "बराबर हाय बाबा. त्यो मी इकायला ठेवलाच न्हाई."

मग एक मादी आली. पप्पा मला म्हणाले, "डोळे मीट आणि हात दे."

त्यांनी माझी बोटं पिसांच्या आत नेली. बाहेर एवढी थंडी आणि आत चुलीजवळची ऊब. "छातीचं हाड लागलं? त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड सुरीसारखं वर आलं असेल तर पक्षी उपाशी आहे. आता खाली ये, हाडाच्या टोकाला. दाब. वाकतंय का?"

कानाच्या पाळीसारखं ते टोक वाकलं.

"म्हणजे कोवळी आहे. आता कान लाव. श्वासात घरघर आहे?"

मी कान लावला. घरघर नव्हती. खूप लांबून ऐकू आल्यासारखं एक हृदय तेवढं चाललं होतं. डोळे उघडायचं मी विसरूनच गेले. पप्पांचा हात माझ्या हातावरच होता.

"हीच," मी म्हटलं.

टर्की बांबूच्या डालग्यात घालून आम्ही रिक्षात बसलो. पप्पा म्हणाले, "आता तुझ्या गावाला."

"पप्पा, नको. आण्णा दार उघडणार नाहीत."

"मला थोडंच दिसणार आहे दार बंद आहे ते."

आण्णा अंगणात कोंबड्यांना ज्वारी टाकत होते. रिक्षातून उतरणारी मी, काठी टेकत येणारे पप्पा आणि डालग्यातून डोकावणारं ते निळं डोकं, असं सगळं एकदम पाहून त्यांच्या हातातली ज्वारी हातातच राहिली. आई दारात येऊन पदर तोंडावर धरून उभी. 

मी डालगं खाली ठेवलं. पप्पा म्हणाले, "तुम्ही कोंबड्यांतले जाणकार, असं सूनबाई सांगते. मला दिसत नाही. ही जरा बघून द्याल का? फसलो तर नाही ना आम्ही?"

मी असं कधीच सांगितलं नव्हतं.

आण्णा क्षणभर घुटमळले, मग वाकले. त्यांनी टर्की उचलली, छातीवरच्या पिसांवर फुंकर मारून खालची कातडी पाहिली, चोच उघडली, डोळे पाहिले. "लई ब्येस हाय. कुणी निवडली?"

"तुमच्या लेकीनं," पप्पा म्हणाले. "पंचवीस तारखेला जेवायला या दोघं."

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी. "चा टाक," ते आईला म्हणाले, आणि पप्पांचा हात धरून त्यांना बाजेपर्यंत घेऊन गेले.

आमच्याकडे ओव्हन नव्हता. नाताळच्या सकाळी, पाव काढून झाल्यावर, ओळखीच्या बेकरीवाल्याने आम्हाला भट्टी दिली. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या टर्कीला पप्पांनी लोणी, लसूण आणि मिरपूड चोळली, पोटात पावाचा चुरा आणि कांदा भरला. मग स्टुलावर बसून ते नुसता वास घेत राहिले आणि वासावरूनच मला सांगत राहिले, आता फिरव, आता लोणी सोड.

आण्णा-आई दुपारी आले. नवऱ्याने सुट्टी काढली होती. तो आण्णांसमोर इतका अवघडून बसला की त्याला जेवण गेलं नाही. आण्णांनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला. आम्ही सगळे थांबलो होतो.

"तिखट न्हाई जरा बी," ते म्हणाले. "पन मऊ हाय." आणि त्यांनी ताट पुढे केलं.

पुढच्या उन्हाळ्यात आण्णांनी त्या बाईकडून टर्कीची अंडी आणून आपल्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. चार पिल्लं निघाली. महिन्या-दोन महिन्यांत ती त्या कोंबडीपेक्षा उंच झाली, तरी तिच्याच मागे रांगेने हिंडायची, असं आण्णा फोनवर सांगायचे. फोन रोज संध्याकाळी यायचा. मला नव्हे, पप्पांना.