गॅलरी शहाण्यासारखी वागली

अनंत चतुर्दशीला मी खाली, खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत का बसले होते, असं तुम्ही नातवंडांनी व्हिडिओ कॉलवर बघून विचारलंत. तेव्हा आरती चालू होती, म्हणून आता लिहून कळवते. कुठे अडलात तर आईकडून वाचून घ्या.

देवासच्या आपल्या समाजाच्या हॉलमध्ये वर एक गॅलरी आहे. चाळीस वर्षं तिथली पहिली रांग आम्हा बायकांची. यंदा श्रावणात तिच्या खालच्या तुळईला बारीक तडा दिसला. तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, समाजाचे अध्यक्ष. त्यांनी इंदूरहून एक इंजिनिअर मुलगी बोलावली. तिने साबणाच्या वडीएवढे चार सेन्सर तुळईला चिकटवले. त्यांना वायर नव्हती. गॅलरी किती हलते, तडा किती उघडतो, ते परस्पर तिच्या फोनवर जायचं. तिने एवढंच सांगितलं, गणपतीत नेहमीसारखे वागा. मग गॅलरी वापरायची की बंद करायची ते ठरवू.

नेमकं तेच आम्हाला जमलं नाही. इन्स्पेक्शनच्या दिवशी शाळा जशी वागते, तसा अख्खा समाज वागू लागला. मी शाळेतच जन्म काढला, त्यामुळे मला ते लगेच ओळखू आलं. दरवर्षी धारहून येणाऱ्या ढोलवाल्यांना भाऊजींनी "नंतर या" असं कळवलं. झांजा कपाटात गेल्या. टाळ्या दोन बोटांनी. गॅलरीत फक्त सडपातळ बायकांनी बसावं, असंही सुचवण्यात आलं. पण सडपातळ कोण, हे ठरवायची जबाबदारी कोणी घेईना. शेवटी सगळ्याच खाली बसलो. गणपतीचे कान मोठे म्हणून ती आरती त्याला ऐकू गेली असेल.

आठव्या दिवशी मुलीचा निरोप आला, आकडे उत्तम आहेत. भाऊजी भेटेल त्याला "भिया, पास हो गए" सांगत सुटले. लगेच जाहीर झालं की उद्या संध्याकाळी महाआरती, धारचा ढोल, आणि गॅलरी पोराबाळांसकट भरलेली.

यात मीही सामील होते, हे लपवत नाही. सात दिवस मीसुद्धा दोन बोटांनी टाळ्या वाजवल्या. पण पोराबाळांचं ऐकल्यावर मी त्या मुलीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. तिने विचारलं,

"तो आंटीजी, हमने नापा किसको?"

मी म्हटलं, रिकाम्या गॅलरीला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आली. तिच्या सांगण्यावरून गॅलरीत आमच्याऐवजी गव्हाची पोती रचली आणि ढोल पार स्टेजपाशी वाजवला. पहिल्या रांगेत पोती फार शोभत होती. मुलगी फोनकडे बघत उभी होती. थोड्याच वेळात तिने हात वर करून ढोल थांबवला. तडा उघडत होता.

गॅलरीच्या दाराला कुलूप लागलं. जिन्यापाशी भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, घरातली गोष्ट बाहेर सांगायची नव्हती."

"भाऊजी, तुमची नात माझ्या मांडीवर बसणार होती."

त्या संध्याकाळी खाली तिसऱ्या रांगेत माझी खुर्ची त्यांनी स्वतः आणून मांडली.

अनंत चतुर्दशीच्या आरतीला ते माझ्याशेजारीच उभे होते. वर कोणी नव्हतं, पोतीही उतरवली होती. तरी सेन्सरांवर नजर ठेवून भाऊजी दोन बोटांनीच टाळ्या वाजवत होते.